चंचळबांची राहिलेली पानं

"दोष शोधायचा ना, धर्मिष्ठाबेन, तर घरापासून सुरुवात करायची. आधी तार, मग डबा, मग घरातली माणसं, मग गल्ली. जग अगदी शेवटी. आणि ज्या दिवशी वेग पडला त्या दिवशी घरात काय बदललं, तेवढं आठवायचं."

कुमारपाळभाईंचं हे सांगणं धर्मिष्ठाला तोंडपाठ होतं. पण इंटरनेटचा वेग पडल्याला आज बारावा दिवस होता आणि ती अजून मोडेमच्या डब्याच्या पुढे सरकली नव्हती. माजघरातल्या टेबलावर संगणक चालू होता. पडद्यावरची निळी पट्टी ब्याऐंशी टक्क्यांवर येऊन बसली होती, आणि तिच्या शेजारचा वेगाचा आकडा कधी अकरा, कधी बारा. दिवाळीपर्यंत तिथे शंभराच्या खाली काही दिसत नसे.

सकाळी चंचळबा देरासरच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायऱ्यांवर टेकल्या त्या उठेचनात. शुद्ध हरपली नव्हती, पण डोळ्यांपुढे अंधारी आली होती. धर्मिष्ठानं आणि पुजाऱ्याच्या बायकोनं दोन्ही बाजूंनी धरून सासूबाईंना घरी आणलं, खाटेवर टेकवलं.

"चक्कर नव्हती गं," बा म्हणाल्या. "जरा बसले होते. पायऱ्या काय बसायला नसतात?"

"वरचा रक्तदाब नव्वदवर आलाय, बा."

"नव्वद म्हणजे चांगले मार्क आहेत की."

धर्मिष्ठाला हसू आलं नाही. बांचं वय चौऱ्याहत्तर, आणि आज त्यांचं विसावं आयंबिल. दिवसातून एकदाच, एका बैठकीला, तूप नाही, तेल नाही, दूध-साखर-मसाला नाही असं नुसतं उकडलेलं अन्न; आणि सूर्यास्ताच्या आत उकळून गार केलेलं पाणी. खंभातच्या साळवी पाड्यात आयंबिलाचं कुणाला नवल नव्हतं. नऊ दिवसांची ओळी शाळकरी मुलीसुद्धा करतात. पण बांनी त्याला अभिग्रह जोडला होता: रासाची सगळी पानं कागदावर छापून हातात येईपर्यंत आयंबिल सुटणार नाही. तसं मनाशी धरण्याआधी त्यांनी सुनेला विचारलं होतं, "किती दिवस लागतील गं?" आणि धर्मिष्ठानं पडद्याकडे एक नजर टाकून, जाणत्या माणसाच्या ऐटीत सांगितलं होतं, "बारा दिवस, बा. फार तर तेरा."

ते बारा दिवस आता तिच्याच घशात अडकले होते. बांनी शब्द तिच्या भरवशावर घेतला होता, आणि घेतलेला अभिग्रह बा मोडणार नाहीत हे पाड्यातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. आजच्या वेगानं राहिलेल्या अठरा टक्क्यांना अजून सतरा दिवस लागणार होते. सतरा दिवस बांचं शरीर काढेल का, हे विचारायचं धाडस तिनं डॉक्टरीणबाईंकडेही केलं नव्हतं.

रास म्हणजे एका राजकन्येची गोष्ट, ढाळींमध्ये, म्हणजे गाण्यांमध्ये गुंफलेली. बांची आई चातुर्मासात पोरांना मांडीवर-पाठीवर घेऊन ती गात असे. पहिल्या एकोणचाळीस ढाळी बांना पाठ होत्या. पुढच्या नव्हत्या. "शेवट यायच्या आत मला झोप लागायची," बा सांगत. "दर वर्षी. आई म्हणायची, पुढच्या वर्षी जागी राहा हं. मग एका वर्षी आईच राहिली नाही." छापील पुस्तकांत तो रास कुठेच नव्हता. साठ वर्षांनी एका ज्ञानभंडारात त्याची हस्तलिखित पोथी निघाली आणि तिच्या पानापानाचे फोटो काढले गेले. इतके मोठे आणि इतके स्वच्छ, की सगळे मिळून चाळीस जीबी भरले.

हे फोटो एका जागी ठेवलेले नव्हते. सुरेंद्रनगर, पाटण, मोरबी अशा गावोगावच्या घरांतल्या संगणकांवर ते होते. ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो त्यानं दुसऱ्याला द्यायचा, आणि घेणाऱ्यानंही घेता घेता देत राहायचं. तुकडे वाटेल त्या क्रमानं येत. एकशेदहावं पान आधी, तिसरं मागून, आणि एक तुकडा कमी असला तरी ते पान उघडत नसे. खंभातमधल्या सात घरांत ही व्यवस्था कुमारपाळभाई शाहांनी बसवून दिली होती. कुणाचं काही अडलं की कुमारपाळभाई स्कूटरवरून हजर. चहा नाही, पाणी नाही, आधी डब्याला हात.

पण गेल्या माघात कुमारपाळभाईंनी दीक्षा घेतली. आता ते मुनि संवेगरत्नविजयजी होते. दोन गल्ल्यांपलीकडच्या उपाश्रयात त्यांचा चातुर्मास चालू होता, आणि ते विजेच्या दिव्याखालीसुद्धा बसत नव्हते.

दहाच्या सुमाराला टेलिफोनवाले इद्रीसभाई आले. बारा दिवसांतली ही त्यांची तिसरी फेरी.

"बेन, माझी तार नव्या नवरीसारखी आहे," शिडी भिंतीला टेकवत ते म्हणाले. "खांबापासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत एक ओरखडा दाखवा, मिशी उतरवतो."

"मिशी नको, वेग द्या."

"वेग आहे हो. तुमचं यंत्र बंद करा बघू." तिनं संगणक बंद केला. इद्रीसभाईंनी आपल्याजवळचं मोजायचं खोकं तारेला लावलं आणि तिच्यापुढे धरलं. आकडा सरसर चढला, दिवाळीआधी होता तेवढा. "दिसलं? आता चालू करा." तिनं केला, मिनिटभर थांबली, आणि खोक्यावरचा आकडा विहिरीत दोर सोडावा तसा खाली खाली गेला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तार मोकळी आहे, तुमच्या घरात काहीतरी तिचा गळा धरतंय." शिडी खांद्यावर टाकता टाकता त्यांनी बांच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "माजींची तब्येत कशी आहे? माझ्या घरी रोज विचारतात. सांगतात, रोजे आमचे पण असतात, पण हे आपल्याच्यानं व्हायचं नाही."

घरात काहीतरी. पण घरात होतंच कोण? नवरा सुरतेला, महिन्यातून दोनदा येणारा. बा. सासरे नगीनदास, ज्यांना सगळे बापुजी म्हणत. आणि ती. वेग पडला बेसत्या वर्षाच्या दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि जो तो आपला मोबाईल घरच्या जाळ्याला जोडून बसला होता. तिनं भाऊबीजेला पासवर्ड बदलला. त्यावरून शेजारच्या कोकिळाबेननं ऐकवलंच होतं, "काय गं धर्मिष्ठा, दिवाळीला फराळाच्या मठिया दिल्या आणि मागून पासवर्ड काढून घेतलास? मठिया परत करू का?" पासवर्ड गेला, कोकिळाबेन चार दिवस फुगून बसल्या, आणि आकडा बारावरून हलला नाही. मग तिनं डबा बंद करून पाच मिनिटांनी चालू केला. तारेचं जोडणं काढून नवं लावलं. सगळं झालं.

जग शेवटी, पण आता जगच उरलं होतं. तिनं सुरेंद्रनगरला पन्नाबेनना फोन लावला. कदाचित देणाऱ्यांचेच संगणक बंद असतील.

"बंद? नाही हो, आम्ही चौघे पहाटेपासून चालू आहोत," पन्नाबेन म्हणाल्या. "आणि धर्मिष्ठाबेन, तुमच्या घराचे तर उपकार! नव्या वर्षापासून तुमच्याकडून धो धो येतंय. माझे दोन ग्रंथ पुरे झाले."

"उपकार कसले," धर्मिष्ठा रीतीप्रमाणे म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्याचं पुरं झाल्याचं ऐकून तिला थोडा रागच आला होता, आणि राग आल्याचं वाईट वाटत होतं. पन्नाबेन नक्की काय म्हणाल्या इकडे तिचं लक्षच गेलं नाही.

सुरतेहून नवऱ्याचा फोन आला. त्यानं लगेच उपाय सांगितला, "रात्रभर चालू ठेव ना. दिवसाचे दहा-बारा तास कशाला?" तिनं आतल्या खोलीत जाऊन बांना विचारून पाहिलं. घरात दिवेलागणीनंतर संगणक आणि डबा दोन्ही बंद असत. त्यांच्या उजेडावर आणि उबेवर बारीक जीव येऊन मरतात म्हणून.

"माझ्या पानांसाठी जीव मारायचे?" बा उशीवरून डोकं न उचलता म्हणाल्या. "मग त्या पानांत लिहिलंय काय ते वाचायची तरी कशाला?"

"मग आयंबिल तरी सोडा. पच्चक्खाणात, घेतलेल्या नियमातही, आजाऱ्याला सूट असते, बा."

"मी आजारी आहे?"

"नाही?"

"मी म्हातारी आहे. म्हातारीला सूट नसते."

दीड वाजला तरी बापुजी जेवायला आले नव्हते. गेले कित्येक दिवस त्यांच्या जेवणाची वेळ अशीच मागे मागे जात होती. कधी साडेबारा, कधी सव्वा. ताट वाढू का म्हटलं की, "अजून भूक नाही, वहू बेटा." आणि मग अचानक, कुणी हाक मारल्यासारखे माजघरातून उठून यायचे आणि चांगल्या चार पोळ्या खायचे. किराणा दुकान मुलाच्या नोकरीनंतर बंद केलं तेव्हापासून त्यांना वेळ कसा घालवावा कळत नसे. रोज सहा वाजता तेच संगणक चालू करत, आणि धर्मिष्ठा देरासरहून येऊन स्वयंपाकाला लागली की चष्मा नाकावर घेऊन पडद्यासमोर बसून राहत. तिला वाटे, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा. आज पावणेदोनला आले, जेवले, आणि कण वाया जाऊ नये म्हणून ताटात पाणी घालून ते पीत असताना ती म्हणाली:

"बापुजी, माझ्याबरोबर उपाश्रयात चला. महाराजसाहेबांना विचारते."

बापुजींचा हात थांबला. आतून बांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "त्यांनी सोडलंय ते, धर्मिष्ठा. माणसाला सोडलेल्या वाटेवर परत ओढू नये."

"ओढत नाही. नुसतं विचारते."

"विचारणं म्हणजेच ओढणं."

ती तरी गेली. मुनींपुढे एकट्या बाईनं बसायचं नसतं म्हणून बापुजी बरोबर होते, पुढे दोन पावलं, नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघत. उपाश्रयात दुपारची सामसूम होती. मुनि संवेगरत्नविजयजी खिडकीजवळच्या लाकडी पाटावर बसून वाचत होते. दोघांनी वंदन केलं.

"मत्थएण वंदामि. शाता आहे ना, साहेब?"

"देव-गुरु-पसाय. धर्मलाभ."

आवाज कुमारपाळभाईंचाच, पण घाई गेलेला. धर्मिष्ठा भिंतीशी टेकून बसली आणि जमेल तेवढ्या शांतपणे सांगत गेली. बांचा अभिग्रह, वीस आयंबिलं, सकाळच्या पायऱ्या, नव्वद. मुनींनी डोळे मिटून ऐकलं. "अनुमोदना," ते म्हणाले. "चंचळबांना सांगा, अनुमोदना."

"सांगते, साहेब. पण ते... वेग पडलाय. तार बघितली, डबा बघितला. तुम्हीच बसवून दिलं होतं. तुम्ही एकदा..."

मुनींचा उजवा हात पुस्तकाच्या कडेवर होता. पूर्वी हा हात स्वस्थ राहत नसे, सतत काही पिळत, काही जोडत असे. आता तो त्यांनी हळूच वस्त्राखाली घेतला.

"श्राविका, त्या विषयात मी बोलू शकत नाही."

"माहीत आहे, साहेब. पण बांचा जीव..."

"मलाही माहीत आहे," ते म्हणाले.

तिला रडू नाही, राग आला. समोर बसलेल्या या माणसाला एका वाक्यात सांगता आलं असतं. एकच वाक्य. आणि नेमकं तेच त्यांनी दीक्षेच्या दिवशी केसांबरोबर उतरवून ठेवलं होतं. तिचा राग कुणावर होता तेही तिला धड कळेना. त्यांच्यावर धरणं पाप, स्वतःवर धरून उपयोग नाही. ती लाकडी पाटाच्या पायाकडे बघत बसली. उपाश्रयातली शांतता तिला टोचू लागली.

ती बापुजींनाही टोचत असावी. त्यांनी घसा साफ केला.

"महाराजसाहेब, मलाही एक नियम कानावर घालायचा होता. तुमच्यापाशी बोलू बोलू म्हणत राहून गेलं. बेसत्या वर्षापासून घेतलाय. रोज एक जीबी ज्ञान आपल्या घरातून निघून दुसऱ्याच्या घरी गेल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत." मग ते जरा पुढे झुकले. त्यांच्या तोंडावर लहान मुलाची लाज आणि लहान मुलाचाच आनंद होता. "तिथे जाणाऱ्यावर पंधराची मर्यादा घातलेली होती. ती मी काढून टाकली. म्हटलं, ज्ञानदानाला कसली आलीय मर्यादा? आता भरपूर जातं. बारापर्यंत जीबी होतो, कधी दीड वाजतो. आजवर एक दिवस चुकला नाही."

धर्मिष्ठानं मान वर केली.

बेसतं वर्ष. जाणाऱ्यावरची मर्यादा. तिच्या पडद्यावर दोन रकाने होते, एक येणाऱ्याचा, एक जाणाऱ्याचा. बारा दिवस ती येणाऱ्याच्याच रकान्याला डोळे लावून बसली होती. जाणारा आकडा भरलेला दिसायचा तेव्हा, बरंय, कुणाचं तरी भलं होतंय, एवढंच मनात यायचं. ज्याला हवं असतं तो दुसरीकडे बघतच नाही. पन्नाबेनचे उपकार आता तिला ऐकू आले.

मुनींनी डोळे उघडले होते. नियम ऐकला की ते अनुमोदना म्हणत, सगळ्यांना म्हणत. या वेळी म्हणाले नाहीत. बापुजींकडे क्षणभर बघून त्यांनी नजर पुस्तकावर नेली, आणि म्हणाले, "धर्मलाभ." म्हणजे आता उठायचं होतं.

बाहेर आल्यावर बापुजी हिरमुसले होते. "काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, बरं म्हणतील."

"बापुजी, थांबा जरा."

गल्लीच्या तोंडाशी, बंद पानाच्या टपरीच्या सावलीत ती उभी राहिली. कसं सांगावं कळेना. सांगायचं तर होतंच.

"तुमच्या दुकानात माल यायचा, तेव्हा दारात कुणी उभं असायचं?"

"मी असायचो. नाहीतर नोकर जेठो. एक पोतं आत आलं की हमालाला ओरडून सांगायचं, पोचलं, पुढचं आण."

"आणि त्याच वेळी त्याच दारातून पन्नास गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन बाहेर पडत असती तर?"

"तर जेठो आत अडकला असता. हमाल गाडीपाशी उभा."

"आपलं बाहेर जायचं दार अरुंद आहे, बापुजी. यायचं रुंद, जायचं अरुंद, अशीच ती तार असते. बांचा प्रत्येक तुकडा आला की इथून निरोप जावा लागतो, पोचला, पुढचा पाठव. म्हणून कुमारपाळभाईंनी जाणाऱ्यावर मर्यादा घातली होती. दारात निरोपापुरती वाट राहावी म्हणून. तुम्ही दार भरून टाकलंत."

बापुजी टपरीच्या फळीला हात लावून उभे राहिले. त्यांना कळायला वेळ लागला नाही. पन्नास वर्षं दुकान चालवलेला माणूस. 

"म्हणजे तिची वीस आयंबिलं..."

"वीस नाहीत. बारा तर व्हायचीच होती. आठ जास्तीची."

"आठ," ते म्हणाले, आणि टपरीची फळी सोडून घराकडे चालू लागले.

घरी येऊन धर्मिष्ठानं जाणाऱ्याच्या रकान्यात पंधरा लिहिलं. दोघं उभ्यानंच बघत राहिले. बारा. अठरा. मग बराच वेळ काही नाही. मग एकतीस. सत्तर. एकशेचार. निळी पट्टी डोळ्यांसमोर सरकली, केसाएवढी, पण सरकलेली दिसली. आजचे राहिलेले तीन तास, आणि मग दोन दिवस. पौर्णिमेच्या सकाळी पानं छापता येणार होती.

ती धावत आत गेली. बांनी सगळं ऐकून घेतलं, मग दाराकडे बघितलं. बापुजी आत यायचे की नाही अशा बेतानं चौकटीत उभे होते.

"पन्नास वर्षं तोलात मूठभर जास्तीचं टाकलंत," बा म्हणाल्या. "गिऱ्हाइकं खूष, दुकान तोट्यात. आता तारेतही मूठ टाकलीत?"

"तुझी पानं अडतील हे मला कुठे ठाऊक होतं?"

"विचारलं असतंत तर ठाऊक झालं असतं. या घरात एका माणसाला ते यंत्र कळतं, आणि तिला सोडून सगळ्यांना नियम सांगता."

बापुजींनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम."

"संवत्सरीला म्हणालात की."

"ते वर्षभराचं. हे निराळं."

बा भिंतीवरच्या उन्हाकडे बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाणी आणा. ऊन उतरलं." हे काम रोज धर्मिष्ठाचं असे. ती उठू लागली तशी बांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवून तिला बसवलं. बापुजी उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आले, आणि बा पीत होत्या तोवर तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

पण धर्मिष्ठाच्या जिवाला निवांतपणा नव्हता. आजचा जीबी जेवणाआधीच गेला होता. उद्याचं काय? पंधराच्या मर्यादेत एक जीबी जायला दोन दिवस लागणार होते, आणि पौर्णिमेपर्यंत दिवस होते तीन.

"मग दोन दिवसांनी एकदा जेवीन," बापुजी म्हणाले.

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?"

"ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी करतेय ना."

"शाब्बास!" आतून बा. "एका घरात दोन उपाशी म्हातारी. पोरगी डॉक्टरिणीला कुणाच्या खाटेशी उभी करणार? चिठ्ठ्या टाका."

धर्मिष्ठानं सुचवलं, रोज दुपारपर्यंत मर्यादा काढू, तुमचा जीबी झाला की परत घालू. बांना दोनाच्या जागी चार दिवस लागतील, एवढंच. बापुजींनी इतक्या जोरानं मान हलवली की चष्मा घसरला.

"माझा नियम तिच्या पोटातून पाळायचा? तो नियम नाही, चोरी आहे."

मग नियम मोडणार का, हे तिनं विचारलं नाही. ते विचारण्यासारखं नव्हतंच. दिवेलागणीला तिनं संगणक बंद केला. दिवसाच्या चुकांचं प्रतिक्रमण झालं, अंथरुणं पडली, आणि दोन्ही खोल्यांतून कूस बदलल्याचे आवाज येत राहिले. कुणाची कूस कुठली, ते तिला ओळखता येत होतं.

सकाळी ती देरासरहून परतली तेव्हा बापुजी अंघोळ करून, धुतलेलं धोतर-झब्बा घालून टेबलापाशी तिची वाट बघत बसले होते. संगणक चालू होता. येणारं एकशेसात. जाणाऱ्याच्या रकान्याला त्यांनी हात लावलेला नव्हता. तिनं आधी तेच बघितलं, आणि तिनं बघितलेलं त्यांनी बघितलं.

"वहू बेटा, हे डबीत भरून देता येतं का?"

"काय भरून?"

"ज्ञान. पुरे झालेले ग्रंथ आहेत ना आपल्याकडे, ते." मग आवाज आणखी खाली आणून, "सोजित्र्याला हसमुखभाई मास्तर आहेत. त्यांच्या घरी संगणक आहे, पण तार नाही. वर्षभरात दोनदा चिठ्ठी आली होती, कुणी आणून देईल का म्हणून. आत्ता फोन केला. घरीच आहेत म्हणाले."

 धर्मिष्ठानं कपाटातून नवऱ्याची फाइली साठवायची काळी डबी काढली, संगणकाला जोडली आणि एक सबंध ग्रंथ तिच्यात उतरवायला लावला. हे घरातल्या घरात होतं. तारेला त्याचा धक्काही नव्हता. तरी ती येणाऱ्या आकड्यावर नजर ठेवून होती. एकशेसात. एकशेपाच. एकशेसात. दहा मिनिटांत ग्रंथ उतरला. जीबीहून थोडा जास्तच होता. बापुजींनी तो जास्तीचा आकडा वाचला आणि डबी हातात घेतली. पूजेच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळली, मग झोळीत ठेवली.

"उद्या पेटलादला जाईन," ते म्हणाले. "परवाचं बघू."

"एसटी वेळेवर आली नाही तर? मास्तरांनी संगणकावर उतरवून घेईपर्यंत दुपार होईल. परत येऊन सूर्यास्ताच्या आत जेवायचंय तुम्हाला."

"आली तर जेवीन. नाही आली तर आजचा उपवास." त्यांनी झोळीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. "त्यात काय."

"मी मास्तरांना जेवायचं सांगते, तिथेच बसा."

"नको. ती एक वाजता आयंबिलाला बसते." ते थोडे घुटमळले. "जेवायला मागे राहिलो तरी चालेल, तिच्या आधी नको."

आतल्या खोलीत बा सामायिकात बसल्या होत्या. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत त्यांच्याशी बोलायचं नसतं. बापुजी दारापाशी क्षणभर थांबले. फरशीवर वाजू नयेत म्हणून चपला हातातच घेतल्या, धर्मिष्ठाला खुणेनंच जातो म्हणून सांगितलं, ओटा उतरून खाली चपला घातल्या आणि जमिनीकडे बघत स्टँडच्या वाटेला लागले.